सूर्यावरून सेक्स्टंटची तपासणी : इंडेक्स एरर, शेड आणि आर्क

ध्रुवमत्स्य

सेक्स्टंट म्हणजे दोन आरशांनी कोन मोजायचं उपकरण, आणि शून्य दाखवायला हवं तिथे ते जेवढं चुकतं ती इंडेक्स एरर. ती बहुतेक जण क्षितिजावरून काढतात. आर्म (फिरता दांडा) शून्यावर, क्षितिजाची रेघ अखंड केली, ड्रम (मिनिटं दाखवणारं चाक) वाचला, झालं. पण क्षितिज जरा धूसर असलं की ०.५′ इकडेतिकडे सहज होतं. जमिनीवर असताना लांबची इमारत किंवा खांब वापरणाऱ्यांची चूक वेगळीच असते. दोन आरशांच्या दृष्टिरेषांमध्ये काही सेंटिमीटरचं अंतर असतं. ते ६ सेंमी धरलं तर १०० मीटरवरच्या वस्तूला २′ चं लंबन (दोन दृष्टिरेषांमधला कोन) येतं, आणि एका सागरी मैलावरही ०.१′ उरतं. सूर्याला हा प्रश्न नाही. त्याची कड धारदार असते आणि मापाची पडताळणी त्या मापातूनच होते.

(या धाग्यात ′ म्हणजे कोनाचं मिनिट. वेळेचं मिनिट अक्षरात लिहू या, गोंधळ नको.)

आधी शेड (सूर्यासाठीची गडद काच), मग डोळा. आर्मवरच्या इंडेक्स आरशापुढे गडद शेड हवी आणि चौकटीवरच्या क्षितिज आरशापुढेही हवी, कारण इथे सूर्य दोन्ही वाटांनी थेट डोळ्यात येतो. उन्नतांश (क्षितिजापासूनची कोनातली उंची) घेताना क्षितिजाकडची शेड बाजूला ठेवायची सवय असते, तीच इथे घातक ठरते.

आर्म अंदाजे +३२′ वर आणा. परावर्तित सूर्य थेट सूर्याच्या खाली दिसेल. ड्रम हळू फिरवून दोघांच्या कडा जेमतेम टेकवा आणि वाचा. हे झालं ऑन द आर्क, म्हणजे अंश कोरलेल्या कमानीवर. मग आर्म शून्याच्या पलीकडे न्या. परावर्तित सूर्य आता वर जाईल. पुन्हा कडेला कड लावा. हे ऑफ द आर्क. इथे ड्रमवर जे दिसतं ते ६० मधून वजा करायचं. अशी दोन्हीकडची तीन तीन वाचनं घेऊन सरासरी काढा.

फेब्रुवारीच्या मध्याचं उदाहरण :

ऑन ३४.२′
ऑफ : ड्रमवर २९.४, म्हणजे ३०.६′
इंडेक्स एरर = (३४.२ − ३०.६) ÷ २ = १.८′, ऑन द आर्क, म्हणून वाचनातून वजा
पडताळा = (३४.२ + ३०.६) ÷ ४ = १६.२′

हा १६.२′ आल्मनॅकमधल्या (नाविक पंचांगातल्या) त्या दिवसाच्या सूर्याच्या अर्धव्यासाशी जुळला पाहिजे. जानेवारीच्या सुरुवातीला तो १६.३′ असतो आणि जुलैच्या सुरुवातीला १५.८′ पर्यंत उतरतो. फरक ०.१′ असेल तर उत्तम, ०.२′ चालेल, त्याहून जास्त असेल तर पुन्हा मोजा.

लोलक

छान धागा. एक शंका. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली वाचनं आहेत : ऑन सरासरी ३४.०, ऑफ सरासरी ३२.४ (ड्रमवर २७.६). एरर ०.८′ येते, पण पडताळा १६.६′. हवा होता १६.३′. तीनही वेळा जवळपास तेच आकडे. म्हणजे ०.८′ सुद्धा चुकीची समजायची का?

ध्रुवमत्स्य

@लोलक, बहुधा नाही. तुमची बेरीज ६६.४′ आहे, हवी होती ६५.२′. जादा १.२′ दोन स्पर्शांत वाटला तर प्रत्येकी ०.६′. म्हणजे दोन्ही स्पर्शांत सूर्य सारखेच मोठे दिसले आहेत. तसं असेल तर वजाबाकीत ते निघून जातं आणि इंडेक्स एरर शाबूत राहते.

याची दोन नेहमीची कारणं. पहिलं, शेड कमी गडद. तेजस्वी बिंब डोळ्याला फुगलेलं दिसतं. शेड एक पायरी गडद करा, पडताळा खाली आला तर रोग सापडला. दोन्ही बिंबं सारख्याच उजेडाची दिसायला हवीत आणि जमलं तर वेगळ्या रंगांची, म्हणजे कड कुणाची ते लगेच कळतं. दुसरं, कडा टेकल्या असं वाटतं तेव्हा मध्ये केसाएवढी फट राहिलेली असते. बिंबं किंचित एकमेकांवर चढवून, मग सोडवून पाहा. तेवढ्या पट्ट्यात आपला स्पर्श नेमका कुठे पडतो ते समजतं.

आणि दुर्बीण लावूनच मोजा. नुसत्या नळीतून डोळा ०.५′ च्या आत भरवशाने जात नाही. ७ पट दुर्बिणीने ०.१′ ते ०.२′ मिळतं.

आटेपाटे

पडताळ्यावर लोक नको इतका विश्वास ठेवतात, म्हणून हे लिहितो. अर्धव्यास जुळला म्हणजे इंडेक्स एरर बरोबर, असं सिद्ध होत नाही.

एका वाचनात δ इतकी चूक झाली तर एररमध्ये δ/२ जाते, पडताळ्यात फक्त δ/४. एररला जेवढा धक्का बसतो त्याच्या निम्माच पडताळ्यात दिसतो. दोन्ही वाचनं एकाच दिशेने सरकली तर काहीच दिसत नाही : ऑन ०.४′ ने वाढलं, ऑफ ०.४′ ने घटलं, बेरीज तीच, एरर मात्र ०.४′ ने चुकली. दोन वाचनांच्या मधे आरसा किंचित हलला तर एकच वाचन सरकतं आणि पडताळ्यात त्याचा जेमतेम चौथा हिस्सा दिसतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो बॅकलॅश, म्हणजे वर्ममधली (आर्कच्या दात्यांत बसणाऱ्या ड्रमच्या स्क्रूमधली) ढिलाई. दोन्ही वेळा बिंबं लांबून जवळ आणत टेकवायची ही नैसर्गिक सवय. पण तसं केलं की ऑन द आर्कला ड्रम कमी होण्याच्या दिशेने फिरतो आणि ऑफ द आर्कला वाढण्याच्या. वर्ममध्ये ०.६′ ढिलाई असेल तर ऑनचं वाचन ०.६′ ने कमी मिळतं, इंडेक्स एरर ०.३′ ने बिघडते आणि पडताळा फक्त ०.१५′ ने हलतो. तेवढं लक्षातही येत नाही.

म्हणून शेवटची फिरवण नेहमी एकाच दिशेची ठेवायची. वाढत्या दिशेने ठरवली असेल तर ऑनला बिंबं एकमेकांवर चढलेली असताना सुरुवात करून सोडवत न्यायची आणि ऑफला फटीतून जवळ आणायची. नंतर उन्नतांश घेतानाही तीच दिशा. बॅकलॅश किती ते मोजायलाही हाच सूर्य पुरतो : ऑनचा स्पर्श एकदा वाढत्या आणि एकदा घटत्या दिशेने पाच पाच वेळा घ्या, दोन सरासऱ्यांतला फरक म्हणजे बॅकलॅश.

मृगशीर्ष

+१. आणखी एक सापळा : ऑफचं वाचन ६० मधून वजा करायला विसरणं. ड्रमवरचा आकडा तिशीच्या आसपासच असल्यामुळे चूक डोळ्यावर येत नाही. वरच्याच उदाहरणात ३०.६ ऐवजी २९.४ धरलं तर एरर २.४′ आणि पडताळा १५.९′ येतो. फेब्रुवारीत १५.९′ पाहून शंका येईल. मेमध्ये किंवा ऑगस्टच्या अखेरीस मोजत असाल तर १५.९′ हाच खरा अर्धव्यास असतो, त्यामुळे तेव्हा अशी चूक बरोबरचा आकडा दाखवूनही जाऊ शकते. वहीत ड्रमचा आकडा जसा दिसला तसा लिहायचा आणि वजाबाकी शेजारच्या रकान्यात करायची. डोक्यात करायची नाही.

सूर्य खाली असेल तर पडताळा मुळातच कमी येतो. ५° उंचीवर वक्रीभवनामुळे बिंबाचा उभा व्यास सुमारे ०.९′ ने दबतो, १०° वर ०.३′, २०° च्या वर विसरून जा. दोन्ही स्पर्श सारखेच दबत असल्याने इंडेक्स एररला धक्का नाही, पण पडताळा निकामी होतो. सेक्स्टंट आडवा धरून कडा डावी-उजवीकडे टेकवल्या की हा प्रश्न संपतो, कारण आडवा व्यास जवळपास तसाच राहतो.

लोलक

शेड बदलून पाहिल्या. पडताळा १६.३५′ वर आला, धन्यवाद. पण आता इंडेक्स एरर ०.८′ ऐवजी १.१′ येतेय. शेवटची फिरवण दोन्ही वेळा वाढत्या दिशेनेच होती. मग ०.३′ कुठून आला?

आटेपाटे

शेडमधून. शेडच्या काचेचे दोन पृष्ठभाग तंतोतंत समांतर नसतील तर ती पातळ प्रिझमसारखी वागते आणि किरण जरासा वळवते. इंडेक्स बाजूची शेड परावर्तित सूर्याला सरकवते, क्षितिज बाजूची थेट सूर्याला. तुम्हाला मिळाली ती इंडेक्स एरर अधिक या दोघींचा फरक.

यातली मेख अशी की क्षितिज बाजूची गडद शेड उन्नतांश घेताना वापरलीच जात नाही. तिची चूक इंडेक्स एररमध्ये शिरते आणि मग प्रत्येक उन्नतांशात जाते. इंडेक्स बाजूची शेड जर पुढे सूर्याच्या उन्नतांशाला तीच वापरणार असाल तर तिची चूक इथेच वजा होऊन जाते, ती त्रास देत नाही. पण त्याच आकड्याने तारे घेतले की पुन्हा चूक.

उपाय आहे. सेक्स्टंटबरोबर आयपीसवर (दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगावर) बसणारा गडद फिल्टर आला असेल तर बाकी सगळ्या शेड बाजूला करून तोच लावा. दोन्ही किरण त्याच एका काचेतून जातात, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागांतला तिरपेपणा दोघांना सारखाच सरकवतो आणि फरकात काही उरत नाही. ही तुमची शुद्ध इंडेक्स एरर. मग आयपीस फिल्टर काढण्यापूर्वी (हा क्रम मोडू नका) दोन्ही बाजूंच्या शेड चढवा आणि एकेक जोडी तपासा. प्रत्येक जोडीचं उत्तर वजा शुद्ध एरर म्हणजे त्या जोडीचा फरक. सगळ्या जोड्या ०.२′ च्या आत जुळल्या तर शेड चांगल्या. एखादी शेड ज्या ज्या जोडीत आहे तिथेच आकडा उडत असेल तर दोषी ती, तिच्या चौकटीवर खूण करा आणि पेटीतल्या कार्डावर दुरुस्ती लिहा.

फिल्टर उपकरणाबरोबर आलेलाच हवा. आयपीसजवळ उजेड एकवटलेला असतो, भलतीच काच तिथे लावू नये. दोन मापांच्या मधे दुर्बीण सूर्याकडे रोखून ठेवायची नाही.

नवखा_खलाशी

इंडेक्स एरर ४.५′ आहे. स्क्रू फिरवून शून्य करावी का? आणि परावर्तित सूर्य थेट सूर्यावरून नेताना दोघं एकमेकांवर नीट बसत नाहीत, बाजूला थोडी चंद्रकोर राहते.

ध्रुवमत्स्य

चंद्रकोर म्हणजे साइड एरर, क्षितिज आरसा चौकटीला काटकोनात नाही. ३′ च्या आतली इंडेक्स एरर तशीच ठेवून हिशेबात धरलेली बरी, स्क्रू जितके कमी फिरतील तितके आरसे जागेवर राहतात. ४.५′ असेल आणि साइड एररही काढायचीच असेल तर दोन्ही एकदम करा.

क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी इंडेक्स आरसा : आर्म ३५° ते ४५° च्या दरम्यान ठेवून सेक्स्टंट आडवा धरा, इंडेक्स आरशात तिरकं पाहा. प्रत्यक्ष आर्क आणि आरशातला आर्क एका रेषेत दिसला पाहिजे. पायरी दिसली तर इंडेक्स आरशामागचा स्क्रू. मग साइड एरर, मग इंडेक्स एरर, हे दोन्ही क्षितिज आरशाच्या स्क्रूंनी. एक फिरवला की दुसरी थोडी हलतेच, म्हणून दोघांच्या मधे दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. किल्ली एका वेळी जेमतेम हलवायची. आरसा जेवढा कलतो त्याच्या दुप्पट प्रतिमा सरकते, म्हणून बारीकसा धक्काही आकड्यात मोठा दिसतो.

थोडी साइड एरर उरली तर जिवाला लावून घेऊ नका. बिंबं २′ ने बाजूला असली तरी ३२′ चा स्पर्श ०.०६′ ने बदलतो, आणि तोही दोन्हीकडे सारखाच.

क्रांतिवृत्त

इथपर्यंतची सगळी चर्चा शून्याच्या जवळची आहे. पण सेक्स्टंट वापरायचा असतो २०° ते १२०° वर. शून्याला निर्दोष असलेलं उपकरण ९०° ला १′ चुकू शकतं. आर्मची धुरी आणि आर्कचं केंद्र यांत ०.०१ मिमी फरक असला तरी १६० मिमी त्रिज्येच्या आर्कवर तो मोजलेल्या कोनात ०.४′ पर्यंत दिसतो. पेटीतल्या प्रमाणपत्रात आर्कवर ठरावीक अंतरांनी दुरुस्ती दिलेली असते, पण उपकरण पडलेलं असेल किंवा कार्ड हरवलेलं असेल तर पुन्हा मोजणं भाग आहे. आणि तेही सूर्यावरून होतं.

लागतं कृत्रिम क्षितिज. पसरट थाळी, तळ काळा, त्यात किमान ५ मिमी खोल जाड तेल. पाऱ्याचं नाव काढू नका, त्याची वाफ विषारी. डोळा अशा ठिकाणी आणायचा की तेलातला सूर्य थेट दिसेल, आणि आकाशातला सूर्य आर्मने खाली आणून त्याच्यावर बसवायचा. मोजला जातो तो कोन उन्नतांशाच्या दुप्पट. म्हणून १२०° च्या सेक्स्टंटला सूर्य ६०° च्या खाली हवा. क्षितिजाची खोली म्हणजे डिप इथे नाही, हा मोठा फायदा.

आणलेला सूर्य तेलातल्या सूर्याच्या वर टेकवला (सरळ प्रतिमा दाखवणारी दुर्बीण धरून) तर ती खालची कड. सकाळी अशी बिंबं एकमेकांपासून दूर जातात, दुपारनंतर जवळ येतात. सकाळी ती किंचित चढलेली ठेवून ड्रमला हात न लावता सुटण्याचा क्षण टिपायचा.

उदाहरण, हवा ३०° सेल्सिअस :

वाचन ८४° ३६.४′
इंडेक्स एरर −१.८′ → ८४° ३४.६′
निम्मे → ४२° १७.३′
वक्रीभवन −१.०′, लंबन +०.१′, अर्धव्यास +१६.२′
खरा उन्नतांश ४२° ३२.६′

आता स्थान, वेळ आणि आल्मनॅकवरून गणित : sin उन्नतांश = sin अक्षांश × sin क्रांती + cos अक्षांश × cos क्रांती × cos होराकोन (क्रांती म्हणजे सूर्याचं खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, होराकोन म्हणजे मध्यान्हरेषेपासूनचं). समजा ४२° ३२.३′ आलं. फरक ०.३′, पण तो निम्म्या कोनातला. आर्कवर ८४.५° जवळ सेक्स्टंट ०.६′ जास्त दाखवतो, दुरुस्ती −०.६′. दुप्पट करायला विसरणारे पुष्कळ भेटतात.

इंडेक्स एरर निम्मे करण्याआधी वजा करायची, नंतर नाही.

मृगशीर्ष

अचूकता कुठे जाते तेही नोंदवतो. वेळ : सूर्य पूर्वेला किंवा पश्चिमेला असताना उन्नतांश एका सेकंदात ०.२५′ पर्यंत बदलतो, म्हणजे दुप्पट कोनात ०.५′. घड्याळ अर्ध्या सेकंदाने चुकलं की तुमच्या सेक्स्टंटला ०.२५′ चा खोटा दोष लागला. मध्यान्हाच्या आसपास वेळेचं ओझं जवळपास नाहीसं होतं, म्हणून मोठ्या कोनांची तपासणी तेव्हा करा.

वक्रीभवनाचे आल्मनॅकमधले आकडे १०° सेल्सिअस आणि १०१० मिलिबारचे असतात. ३०° ला ते सुमारे ७ टक्के कमी. ३०° उंचीवर १.७′ चे १.६′ होतात, आणि दुप्पट कोनात हा ०.१′ ०.२′ होतो. १५° च्या खाली सूर्य घेऊच नका.

प्रत्येक कोनाला एक वाचन पुरत नाही. पाच ते सात घ्या, प्रत्येकाचा फरक वेगळा काढा, मग सरासरी. आणि सत्राच्या आधी व नंतर इंडेक्स एरर. दोन्हीत ०.३′ पेक्षा फरक असेल तर सत्र बाद.

लोलक

वाऱ्याने तेल थरथरतं. वर काच ठेवली तर?

क्रांतिवृत्त

काचेचं छप्पर चालतं, पण तिथेही शेडचाच दोष : काचेची दोन पृष्ठं समांतर नसतील तर किरण वळतो. निम्मी वाचनं झाल्यावर छप्पर १८०° फिरवून बाकीची घ्या, सरासरीत ती चूक जाते. नुसत्या काळ्या काचेचं क्षितिज तीन स्क्रूंवर समपातळीत आणूनही वापरतात, मात्र ते सूर्याच्या दिशेने १′ कललं असेल तर दुप्पट कोन २′ ने चुकतो. तपासणीसाठी द्रवच हवा. थाळी रुंद घ्या, कडेला तेल वर चढतं, तो भाग वापरायचा नाही.

आटेपाटे

एक बारीक मुद्दा. तेलाचा पृष्ठभाग तिथल्या गुरुत्वाच्या दिशेला काटकोनात असतो, तर जीपीएसचा अक्षांश पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरचा. डोंगराळ भागात या दोन लंबांत २०″-३०″ चा (″ म्हणजे कोनाचा सेकंद) फरक असू शकतो, दुप्पट कोनात जवळपास १′. त्यामुळे तपासणी सपाट प्रदेशात करावी. सकाळी पूर्वेला आणि दुपारी पश्चिमेला आर्कच्या त्याच कोनावर वाचनं घेतली तर पूर्व-पश्चिम कलाचा भाग बऱ्याच अंशी कटतो, आणि दोन्हीत मोठी तफावत आली तर दोष सेक्स्टंटचा नाही हे तरी समजतं. घड्याळाची चूकही अशीच उघडी पडते.

हे सगळं टाळायचं असेल तर सूर्य-चंद्र अंतर. दोघंही वर असताना त्यांच्या कडांमधला कोन मोजा, त्याला गुरुत्वाची दिशा लागत नाही आणि वेळेची फारशी घाई नाही, कारण ते अंतर वेळेच्या एका मिनिटात साधारण ०.५′ च बदलतं. गणित मात्र लांबलचक, वक्रीभवन आणि चंद्राचं लंबन दोन्ही काढावं लागतं. स्पर्श दुर्बिणीच्या दृश्याच्या मध्यावरच घ्यायचा. मध्यापासून १° बाजूला घेतला तर १२०° च्या कोनात १.८′ जास्त येतात. दुर्बीण चौकटीला समांतर नसेल तेव्हाही हेच घडतं, आणि ही चूक नेहमी वाचन वाढवणारीच असते. आर्कच्या तक्त्यात मोठ्या कोनांना एरर भराभर वाढताना दिसली तर आर्कला दोष देण्याआधी दुर्बीण पाहा.

कलाविकला

ड्रमबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. ड्रमच्या एका फेऱ्यात १°, आणि वर्म थोडा केंद्राबाहेर असेल तर चूक प्रत्येक अंशात त्याच चढउताराने पुन्हा येते. आता गंमत बघा : सूर्याचा व्यास ३२′, म्हणजे ऑनचा स्पर्श ड्रमच्या ३२ च्या आसपास पडतो आणि ऑफचा २८ च्या. वरच्या उदाहरणात ३४.२ आणि २९.४. दोन्ही ड्रमच्या जवळपास एकाच भागात! ड्रमच्या शून्यावर काय चाललंय ते सूर्य कधीच सांगत नाही. ताऱ्यावरून काढलेली इंडेक्स एरर शून्याजवळची असते. शेडचा हिशेब चुकता केल्यावरही सूर्याची आणि ताऱ्याची एरर सातत्याने ०.३′ ने वेगळी येत असेल तर संशय वर्मवर घ्या.

कृत्रिम क्षितिजावरच्या वाचनांचे फरक कोनाऐवजी ड्रमवरच्या मिनिटांपुढे मांडून पाहा. लहर दिसली तर वर्म. दात्यांत कचरा असेल तरी असंच दिसतं, म्हणून आधी मऊ ब्रशने दाते साफ करून हलकं तेल द्या आणि पुन्हा मोजा.

नवखा_खलाशी

प्लास्टिकच्या सेक्स्टंटला हे सगळं लागू का? इंडेक्स एरर सकाळी २′, तासाभरात ५′.

ध्रुवमत्स्य

लागू आहे, पण त्याला आर्कचा तक्ता बनवण्यात अर्थ नाही, कारण उन्हात तापल्यावर चौकटच आकार बदलते. पेटीतून काढून सावलीत, बाहेरच्या हवेत १५-२० मिनिटं ठेवा. मोजताना फक्त वाचनापुरता उन्हात आणा. इंडेक्स एरर प्रत्येक संचाच्या आधी आणि लगेच नंतर काढा, मधल्या वेळेची एरर दोन्हींवरून वाटून घ्या : आधी २.०′, नंतर ३.०′ असेल तर मधल्या वाचनाला २.५′. बॅकलॅश यात जास्त असतो, तेव्हा आटेपाटेंनी सांगितलेली एकाच दिशेची फिरवण इथे तर सोडूच नका.